काट्यानं खरवडलेलं कुंकू

बायको गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा धड फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावरचा होता, पण त्यात ती चोरीच्या मामल्यात धरून आणल्यासारखी दिसते. पोरगा म्हणाला, "बाबा, मोबाईलमधला मोठा करून आणतो." आणला. त्यात ती कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेली आहे, नजर ताटात, तोंड अर्धंच आलेलं. तोच लावला. लोक येतात आणि त्या अर्ध्या तोंडाला हात जोडून जातात.

तिचा एकच चांगला फोटो निघाला होता, आणि तो हलणारा होता. शिरपूरच्या बाजारात तो माझ्या डोळ्यांसमोर जळाला. जळाला नसता तर ती मला मिळाली नसती. मी चौथी शिकलेला माणूस आहे, जसं येतं तसं लिहितो. ज्याला मारामारीचं वाचवत नाही त्यानं इथंच थांबावं, कारण पुढे दुसरं फार काही नाही.

मोठी लढाई संपली तरी कापडाचा कंट्रोल बरीच वर्षं होता, कापड कार्डावर मोजून मिळायचं. माझ्या मायजवळ आणि काकीजवळ मिळून बाहेर जायचं लुगडं एकच होतं. एक बाहेर गेली की दुसरी दाराआड. मग कंट्रोल उठला आणि गिरण्यांनी कापडाचा पूर आणला. लोकांनी ते घ्यावं म्हणून गिरणीवाले मोटारगाडीत सिनेमाची मशीन घालून बाजारोबाजार फिरवू लागले. त्या सिनेमात गोष्ट नसायची. एक बाई यायची, वळायची, पदर दाखवायची, काठ दाखवायची. दुसरी बाई पाचवारी गोल पातळ कसं नेसतात ते दाखवायची. संपलं. पण आमच्याकडं कासोटा सोडलेली बाई कोणी पाहिली होती? मानोऱ्याच्या बाजारात ती बाई मागून कशी दिसते हे पाहायला माणसं पडद्याच्या मागं गेली, आणि तिथं जागेवरून डोकी फुटली. किन्हीराजा गावात एका म्हाताऱ्यानं पडद्यावरच्या बाईला खेटर फेकून मारलं. ते पुढं बसलेल्याच्या तोंडावर पडलं आणि खेळ बाजूला राहून दोन भावक्या एकमेकींवर धावून गेल्या.

अशी काही वर्षं गेली. मग गिरणीच्या मालकाचा पोरगा शिकून आला आणि त्याच्या डोक्यात आलं, की लढाईनंतर कापडाचे जेवढे सिनेमे निघाले तेवढे सगळे एका जागी जमा करायचे. कोणत्या साली कोणतं पातळ दाखवलं, बाया कसं नेसत गेल्या, हे पुढच्यांना कळलं पाहिजे म्हणे. रिळं ठिकठिकाणच्या दुकानदारांकडं धूळ खात पडली होती. वाशीमच्या डेपोमागं एक दगडी खोली मोकळी केली, आणि रिळं गोळा करायला, पाहायला, त्यांची नोंद करायला एक ऑपरेटर आणि एक उमेदवार ठेवला. उमेदवार म्हणजे बिनपगारी. दोन वेळचं जेवण आणि काम शिकायला मिळेल. तो उमेदवार मी. वीस-एकवीसचा असेन.

ऑपरेटरला मी उस्ताद म्हणायचो. अकोल्याकडचा माणूस. उजव्या हाताची दोन बोटं जळून एकमेकांना चिकटलेली, आणि त्याच हातानं तो मारायचा. पहिल्या दिवशी त्यानं रिळाच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा कापला, माझ्या तोंडासमोर धरला आणि काडी लावली. भडका उडाला. माझी एक भुवई गेली.

"समजलं?" उस्ताद म्हणाला.

"समजलं."

"काय समजलं बे?"

"जळते."

त्यानं कानाखाली ठेवून दिली. "जळते नाही. जळालं का विझत नाही. पाणी टाक, रेती टाक, थे पाण्यात बी जळते. गोधडीखाली दाबून पाह्य, गोधडी जाईन. हे पयले ध्यानात ठेव, मंग बाया पाह्य."

प्रत्येक रिळाचा असा तुकडा जाळून पाहायचा. भडकणारं दगडी खोलीत, सावकाश वितळणारं लाकडी कपाटात. मग रीळ उजेडासमोर धरायचं आणि पातळ पाहायचं. हळूहळू मला बाहीवरून साल ओळखता यायला लागलं. कंट्रोलच्या दिवसांतली बाही आखूड, कारण कापडच नव्हतं. पुढं बाही कोपराकडं उतरली, पदर लांबला, काठ रुंद झाला. उस्तादानं आणखी एक गोष्ट शिकवली. एका रिळावर माझं नख घासलं गेलं, तेव्हा त्यानं आधी दोन ठेवून दिल्या आणि मग ते रीळ मशीनवर लावून दाखवलं. बाईच्या गालावरून पांढरीफेक वीज पळत गेली. "जठी काळं, तठी पडद्यावर अंधार. जठी खरवडलं, तठी उजेड," तो म्हणाला. हे वाक्य इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

शिरपूरला मला एकट्यालाच धाडलं. उस्ताद त्या दिवशी मालेगावला गेला होता. शिरपुरात गिरणीचं कापड विकणारे एक जैन दुकानदार होते, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान. मी रिळांचं नाव काढताच ते उठले, आतून डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जाय बाप्पा. हे घरात आहे तोवर घास उतरत नाही. आमच्या घरात पाणी गाळून पितात, आन् माह्या ओट्यावर माणसाचं रक्त सांडलं."

मग त्यांनी सांगितलं. दोनेक महिन्यांमागं गिरणीची माणसं शिरपूरला सिनेमा काढायला आली होती. शहरातून आणलेल्या बाईला ताप भरला. दुकानात झाडलोट करायला जवळच्या वस्तीवरून एक तरणी विधवा यायची. लहानपणी लग्न झालेलं, नवरा साप चावून मेलेला. अंगानं उंच, चालणं सरळ. कॅमेऱ्यावाल्यानं तिलाच पाचवारी नेसवायला सांगितलं. दुकानदाराच्या बायकोनं आपल्या बांगड्या तिच्या हातात घातल्या आणि फोटोपुरतं म्हणून कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. ती नाही नाही म्हणत होती, मग चालून दाखवलं. तीन-चार आठवड्यांमागं ते रीळ बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला दाखवलं, आणि सगळ्या बाजारानं तिला ओळखलं.

"तिचा दीर पडद्यापुढंच बसला होता," दुकानदार म्हणाले. "उठला, वस्तीवर गेला, आन् तिले केस धरून इथलोक ओढत आणलं. म्हणे जठी कुंकू लावलं तठीच पुसतो. माहा लोखंडी गज घेतला, कापड मोजायचा, आन् तिचा हात ओट्यावर ठेवला."

मी ओट्याकडं पाहिलं. फरशीच्या कडेचा टवका उडालेला होता. विधवा झाल्यावर बाईच्या बांगड्या फोडतात. फोडायला हातात बांगड्या नव्हत्या, म्हणून त्यानं मनगट फोडलं.

मी रीळ दारातल्या उजेडाला धरलं. आधी चालणं होतं, मग वळणं, मग एका जागी ती समोर तोंड करून उभी. त्यात तोंड मोठं होतं. शहरातल्या बाया कॅमेऱ्याकडं पाहून दात दाखवतात. ही दात दाखवत नव्हती. कोणीतरी हाक मारल्यासारखी मान उचलून पाहत होती आणि कपाळावर काळा गोल. मी बरीच रिळं पाहिली होती. हे मात्र पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"चांगलं पाह्यलं असंन तर आता निंग," दुकानदार म्हणाले. "थो दर बाजाराले रीळ मांगाले येते."

मला उशीर झालाच होता. मोटारीच्या थांब्यावर दीर आणि त्याचे दोन चुलतभाऊ उभे होते. दीर मानेनं बैलासारखा, आणि मारताना जीभ दातांखाली धरायचा. मला नाव-गाव काही विचारलं नाही. डब्याकडं पाहिलं आणि मारायला सुरुवात केली. मी डबा पोटाखाली घेऊन पडलो, तर त्यांनी बरगड्यांवर पाय दिले. खालचे दोन दात तिथंच पडले. जीभ जन्मभर त्या जागी जात राहिली. आता सगळेच पडले, आता कुठंही जाते.

वाशीमला उस्तादानं माझं तोंड पाहिलं, रिकामे हात पाहिले आणि आणखी एक दिली. "मार खाऊन आला आन् रीळ बी घालवून आला? एक तं वाचवायचं व्हतं लेका."

"तिघं व्हते."

"जाय परत. पाहून ये काय केलं रिळाचं. जाळलं असंन तं राख आण, मालकाले दाखवतो."

मी राखच आणायला गेलो. वस्तीवर पोचलो तेव्हा डोक्यावर ऊन होतं. लिंबाखाली बाजेवर सगळं रीळ पसरलेलं, दोरीवर वाळत घातलेल्या शेवयांसारखं लोंबत होतं, आणि दिराची म्हातारी माय त्यात बसली होती. दोन सुना मदतीला. तिघींच्या हातात बाभळीचे काटे. डोळ्याजवळ रीळ धरून म्हातारी काट्यानं काहीतरी कोरत होती, फुंकर मारत होती, पुढं सरकत होती.

"काय करून राह्यली माय?" मी विचारलं.

"दिसत नाही का? कुंकू पुसून राह्यली."

पडद्यावर हलते ती एकच बाई रिळावर हजार वेळा असते. म्हातारीनं हजार कपाळं घेतली होती. जिथं तोंड मोठं होतं ती सगळी. चकचकीत बाजूला काटा घसरतो आणि चमक नसलेल्या बाजूला लागतो, हे तिचं तिलाच सापडलं होतं. काम इतकं बारीक की तोंडाला कुठं ओरखडा नाही.

"जाळून का नाही टाकलं?" मी म्हणालो.

म्हातारीनं माझ्याकडं येड्याकडं पाहावं तसं पाहिलं. "जित्या माणसाले जाळते का रे कोणी? जाळलं म्हणजे मेली. मंग तिची तेरवी करा लागते. आन् थे मेल्यावर जात्यावर कोण बसन, तू?"

ती जात्यावर बसली होती, ओसरीच्या कोपऱ्यात. डावं मनगट कामट्या घालून हळदीच्या फडक्यात बांधलेलं, आणि उजव्या हातानं दळत होती. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून बंद. दुसऱ्या डोळ्यानं मला पाहिलं आणि माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं की मलाही त्याच हातानं मारलं आहे.

"मले पाह्यलं का तुमी त्यात?" तिनं विचारलं.

"पाह्यलं."

"मी नाही पाह्यलं. कशी दिसतो मी?"

"चांगली."

"नुसती चांगली? येवढं हाडूक मोडलं तं जास्त चांगली दिसाले पायजे व्हती."

म्हातारीनं बसल्या जागेवरून पाटा पुसायचं ओलं फडकं तिच्या तोंडावर फेकलं. तेवढ्यात दीर वावरातून आला. मला पाहून त्यानं हातातली पराणी, बैलाला टोचायची खिळा लावलेली काठी, सरळ मांडीत घातली. बाजेखाली रिळाचा पत्र्याचा डबा पडला होता, तो उचलून मी त्याच्या कानशिलात हाणला. कान फाटला. मग त्यानं मला पाडलं आणि पराणीच्या मागच्या टोकानं मारलं. थांबला तो दमला म्हणून.

"सांग तुह्या उस्तादाले," तो धापा टाकत म्हणाला. "येत्या बाजाराले खेळ लाव म्हणा. ज्यायनं कुंकू पाह्यलं त्यायनंच कोरं कपाळ पाह्यलं पायजे. हिले पडद्याजवळ उभी करतो. साऱ्या शिरपूरनं म्हटलं का साफ आहे, तं रीळ तुमचं."

"आन् नाही म्हटलं तं?"

त्यानं ओसरीकडं बोट केलं. "एक ठिपका जरी राह्यला, तं तठीच तिची टाळू फोडतो."

जात्याचा आवाज थांबला नाही.

उस्तादाला मी सगळं सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच न मारता ऐकलं. बाजाराच्या दिवशी आम्ही गाडी घेऊन शिरपूरला गेलो, दोन बांबू रोवून पडदा बांधला. दीर डोक्याला नवा फेटा बांधून आला, कानाला पट्टी, हातात डबा. उस्तादानं रीळ काढलं, चोरबत्तीच्या उजेडात हातभर पाहिलं, आणि नाकातून हसला. मीही पाहिलं. प्रत्येक कपाळावर काळ्या ठिपक्याच्या जागी काचेसारखं आरपार भोक.

"उस्ताद, नका लावू," मी हळूच म्हणालो. "तिच्या कपाळात उजेड दिसन. थो मारून टाकीन तिले."

"तिच्याकडं नाही जाणार. अठी येईन."

"कशावरून?"

"माणसं पडद्यावर चिडले का मशीन फोडाले येतात. माहे दोन बोटं कशानं गेले असं वाटते तुले?" त्यानं मशीन हातानं चाचपली. "थो आला का तू उजवीकडं पळ. रीळ वाचवाले नको जाऊस. गेलं तं गेलं."

अंधार पडायला लागला तसा बाजार गोळा झाला. दिरानं तिला दंडाला धरून आणलं आणि पडद्याच्या बाजूला, बांबूला टेकून उभी केली. अंगावर पांढरं लुगडं, हात गळ्यात बांधलेला. म्हातारी पहिल्या रांगेत मांडी घालून. तिनं आजूबाजूच्या बायांना सांगितलं, "पाह्या बायांनो, चांगलं पाह्या."

उस्तादानं मशीन सुरू केली. आधी ती चालत आली. लोक कुजबुजले. मग वळली. मग पडदाभर तोंड आलं, तिनं मान उचलली, आणि कपाळाच्या मधोमध पांढरा जाळ उभा राहिला. म्हातारीचा काटा कधी इकडं कधी तिकडं लागलेला, म्हणून तो जाळ एका जागी नव्हता. नाचत होता. तिच्या कपाळातून लवलवत बाहेर येत होता. कुंकू होतं तेव्हा नुसता काळा टिकला दिसला असेल. आता त्या उजेडात पहिल्या रांगांची तोंडं उजळली.

मग बायांमधून कोणीतरी म्हटलं, "माय माय, इच्या कपाळात तं दिवा लागला." एकीनं हात जोडले, मग दुसरीनं. म्हातारी तोंडाला पदर लावून बसली.

मी पडद्याकडं नाही, तिच्याकडं पाहत होतो. ती बाजूला उभी असल्यामुळं तिला पडदा तिरका दिसत असणार. तिनं एका डोळ्यानं तो पाहिला. तोंड उघडं होतं. सगळ्या जन्मात तिनं स्वतःला तेवढंच पाहिलं.

दीर ओरडला. काय ते शब्द नव्हते. बैल दोर तोडताना ओरडतो तसं. एक क्षण तो तिच्याकडं वळला. मग कोणीतरी मागून म्हटलं, "पुन्हा लावा, पुन्हा लावा," आणि तो माणसं तुडवत मशीनकडं आला. उस्ताद बाजूला झाला. दिरानं पराणी दोन्ही हातांनी उचलून मशीनवर घातली. रीळ जागच्या जागी अडकलं. दिव्यासमोर रीळ थांबलं की काय होतं ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. पडद्यावर तिच्या तोंडाच्या मधोमध एक तपकिरी फोड आली, फुगली, फुटली, आणि मग तो उजेड पडद्यावर राहिला नाही, मशीनमध्ये उतरला.

भडका माणसाच्या उंचीच्या वर गेला. दिराचा फेटा पेटला, मिशी पेटली, सदरा पेटला. लोक पळाले. एकमेकांच्या अंगावरून पळाले, तेलाचे डबे सांडले, कोणाची तरी मिरच्यांची पोती पेटली आणि सगळा बाजार खोकायला लागला. मी उजवीकडं पळायच्या ऐवजी पुढं गेलो आणि हात पोळून घेतले. काय वाचवायला गेलो ते विचारू नका. उस्ताद ओरडत होता, "पाणी नको! पाणी नको टाकू!" आणि लोक पाणीच टाकत होते. रिळाच्या डब्यात पाणी पडलं, तशी आग आणखी फुसफुसली आणि पिवळा धूर जमिनीवरून सरकत गेला.

त्या धुरातून ती आली. एका हातानं पडद्याचा बांबू उपटून आणला होता. दीर जमिनीवर लोळत होता. तिनं बांबू उचलला आणि त्याच्या पाठीवर घातला. पुन्हा घातला. खांद्यावर, डोक्यावर, जळत्या फेट्यावर. सदऱ्याची आग दाबली गेली. लांबून लोकांना दिसलं, की दिरानं जिचा हात मोडला तीच बाई उरलेल्या हातानं त्याला विझवते आहे. त्यांनी तशीच गोष्ट पुढं गावोगाव सांगितली. मी हातभर अंतरावर होतो. आग विझली होती. ती मारतच होती.

पुढं कित्येक वर्षांनी मी तिला विचारलं होतं. भाकरी थापत होती. म्हणाली, "पयले विझवाले मारले. बाकीचे माहे."

दीर मेला नाही. एक डोळा गेला, तोंडाची कातडी ओढली गेली. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उस्ताद मला घेऊन वस्तीवर गेला आणि ओसरीत उभा राहून म्हणाला, "गिरणीची मशीन फोडली, रीळ जाळलं, बाजार जाळला. फिर्याद देतो. जेल होईन." त्याच्या हातात काही नव्हतं. मालकाला त्यानं मशीन आपोआप पेटली असं सांगून टाकलं होतं, आणि आम्हा दोघांनाही कामावरून काढलेलं होतं. ते वस्तीवर कोणाला माहीत?

म्हातारी रडायला लागली. दिरानं पट्टीतून विचारलं, "काय पायजे तुले?"

उस्तादानं माझ्याकडं बोट केलं. "याले विचार."

मी तिच्याशी त्याआधी जात्याजवळ जे बोललो तेवढंच बोललो होतो. मी म्हणालो, "पाट लावतो. ती हो म्हणत असंन तं."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं आधी माझ्या पोळलेल्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. "याले बी मारता येते का?" तिनं उस्तादाला विचारलं.

"येत नाही. शिकवून दमलो," उस्ताद म्हणाला.

"मंग चालते."

आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, पण नवरा कुवारा असेल तर त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात. रुई पहिली बायको, म्हणजे विधवा दुसरी होते आणि कोणाला बाधत नाही. माझ्या बापानं बांधावरच्या रुईला हळद लावली, दोरा गुंडाळला, मला तिच्याभोवती फिरवलं आणि वर दोन शिव्या दिल्या. मग दिवस बुडाल्यावर, वाजंत्री न लावता, पाट लागला. ती जन्मभर मला टोमणे मारायची. "तुमची पयली बायको बांधावर उभी हाय, तिले पाणी घाला." आणि चिडली की, "मी तं मशीनच्या बदल्यात आली. सुटे भाग मोडके निंघाले तं आता वापस कोणी घेत नाही."

तिचं डावं मनगट वाकडंच राहिलं. एका हातानं ती निंदायची, पऱ्हाटीचा कापूस वेचायची, पोरांना बडवायची. मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. ती माझ्यावर उचलायची. कुंकू मात्र रोज लावायची, रुपयाएवढं, आरशाशिवाय, आणि ते कधी मधोमध बसायचं नाही. पोरं हसायची. मी तिला सांगितलं होतं, पडद्यावरही ते नाचतच होतं. तिला ते आवडायचं. "अजून एक डाव सांगा," म्हणायची. मी सांगायचो, मान कशी उचलली, बाही कोपरापर्यंत होती, काठ किती रुंद. बाहीवरून साल ओळखायला शिकलो होतो, त्याचा तेवढाच उपयोग झाला.

ती गेली तेव्हा मी जिवंत, म्हणून बायांनी तिला हिरवं पातळ नेसवलं. ओटी भरली. सुनेनं कुंकवाचा करंडा माझ्यापुढं धरला. मी लावलं. माझा हात कापतो, मधोमध बसलं नाही. एक म्हातारी पुसून नीट करायला पुढं झाली, तिला मी ओरडलो. "हात लावशीन तं हात मोडीन," म्हणालो. शोकात माणूस बोलतो, असं त्यांनी धरलं.

नदीवर पोरानं अग्नी दिला. लोक म्हणाले, बाबा, आता मागं फिरा, पाहू नये. मी फिरलो नाही. लाकडं ओली होती, पायाकडून सावकाश जळत आलं. मग एकदम वारा सुटला आणि डोक्याकडं जाळ गेला. कपाळाजवळ तो उभा राहिला, इकडं तिकडं झाला. पोरगा माझा दंड धरून ओढत होता. मी त्याला झटकलं. हे मी आधी एकदा पाहिलं होतं, शिरपूरच्या बाजारात. तेव्हाही कोणाला शेवटपर्यंत पाहू दिलं नव्हतं.